सावकाश

फुंकू नको, आफरीन.
तोंडाच्या वाफेत थुंकी असते,
आणि दिवसभर आपण इथं थुंकीच तर तपासतो.
हा रबरी फुगा घे. बोटभर लांब धर, दोनदा दाब.
निपाणीत मार्च लागला की
वखारींची दारं सताड उघडी,
खकाणा खिडकीच्या जाळीतून गाळून येतो
आणि शिंक यायच्या आत लेन्सवर बसतो.
कोरडंच पुसलंस
तर त्यातला एकेक कण काचेवर नांगर धरील.

आता डाग कुणाचा ते ठरव.
आयपीस फिरव. डाग फिरला, तर तो तिथला.
स्लाइड सरकव. डाग सरकला, तर तो पेशंटचा.
दोन्हीनं हलला नाही,
नुसतंच गढूळ दिसत राहिलं,
तर खाली बघ, शंभराच्या लेन्सकडं.
तिला बिचारीला रोज तेलात तोंड बुडवावं लागतं.

हे मी तुला पाच मिनिटांत सांगितलं.
मला कळायला सत्यव्वा लागली.

बुदिहाळहून यायची. विड्या वळून
बोटांची टोकं पिवळी,
तीन आठवड्यांचा खोकला, पिशवीत अर्धी भाकरी.
तिच्या स्लाइडवर मला दिसल्या
निळ्या जमिनीवर लाल, बारीक, दोन काड्या.
मी रजिस्टर ओढलं, लाल पेनचं टोपण काढलं.
हुक्केरी सर मागं उभे होते.
"याच्या आधी कुणाची बघितलीस?"
आधीची लालच लाल होती.
"मधी लेन्स पुसलीस?"

तेलाच्या थेंबातून एकाचा आजार
दुसरीच्या नावावर चढतो,
पुस्तकात हे एका ओळीत होतं, पानाच्या तळाला.
मी घाबरले, आणि घाबरलं माणूस
हाताला येईल त्यानं पुसतं.
ओढणीचं टोक, अंगठा, दोन फेरे.
करकर ऐकू आली नाही.
काच ओरडत नाही.

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं.
लेन्सपेपरची घडी घातली, कडेला धरून,
आधी तेल नुसतं टिपून घेतलं.
मग बाटलीतला एक थेंब,
लेन्सवर नाही, कागदावर,
आणि मधोमध टेकवून
शंखाच्या वळणासारखा बाहेर, बाहेर, काठापर्यंत.
दर फेऱ्याला कागदाची नवी बाजू.
"सावकाश," म्हणाले, "सावकाश माडव्वा."
त्यांचं घर कानडी, माझं मराठी.
हा शब्द कुणी कुणाच्या घरून उसना नेला
ते आम्ही दोघांनी कधी विचारलं नाही.

मग सत्यव्वाची नवी स्लाइड,
नव्या लेन्सखाली.
शंभर जागा मोजल्या. निळं.
दुसऱ्या दिवशीच्या थुंकीत आणखी शंभर.
निळंच.
लाल पेनला टोपण लावलं.
तिला यातलं काही कळलं नाही,
खोकल्याची बाटली पदराला पुसत
ती एस्टीमागं पळाली.

आणि ती जुनी लेन्स ही इथं,
मलमाच्या डबीत, कापसावर.
सरांनी फेकू दिली नाही.
ये, आयपीस काढून उलटा धर, त्याचं भिंग होतं.
दिसल्या?
कुणीतरी नकाशावर घाईघाईनं ओढाव्यात
तशा रेघा.
एवढी एवढी काच, आणि
आता ती कुठल्याच बाजूनं स्वच्छ बघू शकत नाही.

सर अजून येतात बाजारच्या दिवशी,
त्या बाकावर बसतात.
चष्मा काढतात, हाऽऽ करून फुंकतात,
सदऱ्याच्या टोकानं खसाखसा पुसतात.
पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी जागची उठलेच,
"सर!"
"असू दे ग," म्हणाले,
"यातून मी एकटाच बघतो."

चल, बस आता.
कागद घे. तो नको,
त्याला एकदा हात लागलाय.