लिननचा दंड

चर्चच्या उत्तरेला, ऊन उशिरा येतं आणि लवकर जातं
त्या कोपऱ्यात, एक दगडी पेटी.
वरचा दगड मधे फुगलेला, आडव्या वळ्यांचा,
लोकरीचा गठ्ठा दोरीनं आवळून ठेवावा तसा.
जर्व्हेस टली, कापडाचा व्यापारी, सोळाशे चौऱ्याण्णव.
त्याच्या वर आणखी एक नाव आहे.
ते आता डोळ्यांना नाही, बोटांनाच लागतं.

ऑड्री पेनफोल्ड रबरी गादीवर गुडघे टेकते.
बादलीत नुसतं पाणी. मऊ ब्रश.
साबण नको, तारेचा ब्रश तर अजिबात नको,
डेन्झिल पाथरवटानं बजावलंय;
आणि दगडफुलाला हात लावायचा नाही,
तळहाताएवढं व्हायला त्याला
तीन-चार व्हिकार लागतात.

तेव्हा कायदाच होता:
मेलेल्याला लोकरीत गुंडाळायचं. आपल्याच मेंढीच्या.
आठ दिवसांत शपथपत्र, नाहीतर पाच पौंड दंड.
निम्मे गावातल्या गरिबांना,
निम्मे चुगली करणाऱ्याला.
टलीचं बरं चाललं त्या कायद्यावर.
गावात कुणी रात्री खोकलं
की सकाळी त्याचे माग सुरू, असं म्हणत.

पण थॉमसिनला लोकर टोचायची.
मानेशी, कोपराच्या आत, लाल चट्टे.
बावीस वर्षं ती त्या घरात खाजवत राहिली.
मरताना काय म्हणाली, कुणी लिहून ठेवलं नाही.
नोंदवहीत एवढंच आहे:
लिननमध्ये पुरली. दंड भरला.
आणि खाली, त्याच शाईत,
खबर देणारा: जर्व्हेस टली, नवरा.

इथे ऑड्री दरवेळी थांबते, ब्रश पिळते.
काही पाहुणे हसतात.
व्यापारी तो व्यापारी, अडीच पौंड परत आणलेच!
काही म्हणतात, नाही हो, त्याला
दुसऱ्या कुणाच्या तोंडून ते यायला नको होतं.
ऑड्री म्हणते, चहा हॉलमध्ये आहे, केक वीस मिनिटांत संपतो.

तिचा रोलंड गेला त्या नोव्हेंबरात
अंत्यविधीवाल्याकडे शर्ट देण्याआधी
तिनं कॉलरमागचं लेबल कापलं होतं,
नखं कापायच्या कात्रीनं, एक एक टाका.
त्याला ते टोचायचं.
हे ती पाहुण्यांना सांगत नाही.

मे महिन्यात गवत कापायला माणूस परवडत नाही,
म्हणून शेजारच्या शेतातून सहा मेंढ्या येतात.
थडग्यांमधून चरतात, तुटक्या देवदूताला हुंगतात,
आणि टलीची पेटी तर त्यांना फारच आवडते,
कोपरे कसे छान खरखरीत.
पाठ घासून जातात, मागे बटा राहतात,
मळकट, तेलकट, वाऱ्यावर हलणाऱ्या.

संध्याकाळी फाटक लावायच्या आधी
ऑड्री एक चक्कर मारते.
त्याच्या बाजूच्या बटा तशाच राहू देते.
तिच्या बाजूच्या तेवढ्या
वेचून खिशात टाकते.