टाकीपाशी

पगाराच्या चिठ्ठीला टाचणी लावून आलं होतं ते कार्ड.
पिवळं. त्यावर एक नंबर, खाली बारीक अक्षरात:
कामगार व कुटुंबीय. बोललेलं कुणालाही कळवलं जाणार नाही.
ह्यांनी ते फळीवरच्या कागदाखाली सारलं,
जिथं आम्ही गॅसची पावती ठेवतो
आणि लतीफभाईच्या मयतीला गेलो
ती अंबडची दोन तिकिटं.

जालन्यात आमच्या गल्लीला पाणी येतं आठव्या-दहाव्या दिवशी.
त्या रात्री म्हणाले, टाकी बघून येते,
आणि पदरात मोबाईल घेऊन वर गेले.

पलीकडून बाई बोलली. आवाज चाळिशीचा, थोडी सर्दी.
"नाव सांगायची गरज नाही," म्हणाली.
बारा वर्षं मी गाडेकरची बायको, विश्वजितची आई,
तीन नंबरच्या खोलीवाली.
नको म्हणाली, तर तोंडातून निघूनच गेलं:
कुशिवर्ता.

मग काय सांगू आणि काय नको.
हे रोलिंगवर आहेत. तिथं सळई लाल होऊन पळते.
श्रावणात एक सळई वाट सोडून उसळली
तेव्हा लतीफभाई ह्यांच्या जागेवर उभे होते,
कारण हे तंबाखू मळायला बाजूला झालते.
चार मिनिटं. झोपेत बोटांवर मोजतात.
आता तव्याकडं बघत नाहीत,
भाकरी पार गार झाली की मग जेवतात.
दिवाळीत लेकरानं फुलबाजी लावली
तर दार लावून मोरीत बसले.
सासूबाई म्हणतात, बाहेरचं आहे, उतारा टाका.
सुपरवायझरला कळलं तर म्हणंल,
ह्याचं डोकं फिरलं, ह्याला झाडूवर घ्या.
"कंपनीला कळंल का हो हे?" तीनदा विचारलं मी.
तीनदा ती नाही म्हणाली,
त्याच सुरात, न कंटाळता.

मग म्हणाली, "आणि तुम्ही? तुम्ही कधी झोपता?"

बाप्पा.
मला वाटलं होतं, गोळी सांगंल, काही उपाय सांगंल.
टाकी भरून वाहायला लागली,
पाणी थेट रस्त्यावर.
खालून पद्मिनकाकू ओरडायल्या, अगं कुशे, पाणी चाललं, पाणी!
आठ दिवसांचं पाणी चाललं होतं
आणि मी टाकीला टेकून रडायले.
कॉक दोन हातांवर होता.

शेवटी विचारलंच,
"ह्यांचा फोन येतो का हो तुमच्याकडं?"
ती थांबली.
"येत असला तरी सांगणार नाही. नसला तरी नाही.
त्यांनी तुमच्याबद्दल विचारलं, तर त्यांनाही हेच."

राग आला. रात्रभर आला.
सकाळी पीठ मळताना कळलं,
माझंही सगळं तिच्याकडं तसंच बंद आहे,
माहेरी पेवाचं तोंड शेणामातीनं लिंपायचे, तसं.

परवा गुरुवारी
हे अर्ध्या जेवणावरून उठले.
"टाकी बघून येतो," म्हणाले.
फळीवरचा कागद जरा सरकलेला.
विश्वजित मागं निघाला,
त्याला सतराचा पाढा म्हणायला बसवलं, मोठ्यानं.
वर पाऊल वाजायचं,
थांबायचं,
लई वेळ थांबायचं.

अर्ध्या तासानं उतरले. तोंड धुतल्यासारखं.
"भरली," म्हणाले.

नळाला पाणी येऊन पाच दिवस झाले होते.

"बरं झालं," मी म्हणाले,
आणि झाकून ठेवलेली अर्धी भाकरी पुढं सरकवली,
गारच, त्यांना लागते तशी.