बोरिक पावडर

ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्यातून
होडीने बावीस मिनिटं, भरती असेल तर.
ओहोटीला किती
ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

बेटाला नाव नाही. कंपनीच्या नकाशात ते टॉवर क्रमांक नऊ.
तिवरं, पत्र्याच्या तीन खोल्या, एकतीस माणसं
आणि मी, लाल अधिकच्या खुणेचा डबा घेऊन आलेला आरोग्य सहायक.
सगळे डागदर म्हणतात.
मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

सकाळी हेल्मेटं मोजतो, पट्ट्यांचे हूक ओढून बघतो,
पाण्याची पिंपं हुंगतो.
जिभा बघतो, नखं बघतो, पायाच्या बोटांमधल्या चिखल्या बघतो.
प्रत्येक नावापुढे लिहितो: तंदुरुस्त.

नोंदवहीत ‘सुरक्षितता’ आणि ‘शेरा’ यांच्यामध्ये
बोटभर रुंदीचा एक रकाना आहे, ‘मनोरंजन’.
त्यात मी रोज लिहितो
कॅरम, एक.

राणी जानेवारीतच फळ्यांच्या फटीतून खाली गेली,
निवट्यांच्या राज्यात.
तिच्या जागी खोकल्याच्या औषधाचं लाल झाकण.
हवा इतकी ओली की स्ट्रायकर वीतभर सरकून बसकण मारतो,
म्हणून संध्याकाळी सातला कुणीतरी माझ्या दाराशी येऊन खाकरतं
आणि डब्यातली बोरिक पावडर चिमूट चिमूट कमी होते.
‘चिखल्यांसाठी, दहा ग्रॅम.’
अगदीच खोटं नाही ते.
खेळताना पाय कोरडे असतात सगळ्यांचे.

पलीकडे ऐरोलीच्या काचेच्या इमारती पेटतात.
तिथली माणसं कधी घरी जातात कळत नाही.
इथे फोनला रेंज परातीच्या तिसऱ्या पायरीवर,
आणि पट्टा लावल्याशिवाय वर चढायचं नाही
हा नियम माझाच,
त्यामुळे बायकोशी भांडतानाही माणूस हुकाला अडकवलेला.

एप्रिलमध्ये, दुपारी अडीचला,
लुकस तिर्कीचा घाम थांबला.
सळ्या बांधता बांधता तो कुडुखमध्ये कुणालातरी हाका मारू लागला.
अंग तव्यासारखं, कातडी कोरडी ठाक.
सकाळी त्याच्या नावापुढेही मीच लिहिलं होतं.

सावलीत आणला, कपडे सोडले, दोन पिंपं रिकामी केली त्याच्यावर.
होडी दोनशे पावलांवर,
मध्ये मांडीपर्यंत चिखल.
स्ट्रेचरची मागणी डिसेंबरपासून विचाराधीन.

हसुराम तांडेल होडीतून उतरून
एका फळीवर गुडघा टेकून सरकत आला, जसा तो कालव्यांना जातो.
म्हणाला, ‘पानी गेला डागदर. पाय रुततं, फली नाय रुतत.’
त्याची फळी अरुंद होती.
मग त्याने कॅरमकडे बघितलं.

चार खिशांतून चार दोर ओवले.
चौकट वर, पाठ खाली,
परातीत ठेवावा तसा लुकस, गुडघे पोटाशी.
सहा जण दोर ओढत होते, स्वतः कमरेपर्यंत आत,
मी मागून त्याची मान धरलेली, ओलं फडकं बदलत,
आणि दूर उथळ पाण्यात रोहित पक्षी मान खाली घालून
आपापलं खात होते.

तो वाचला.
आता गुमल्याला आहे, शेजाऱ्याच्या फोनवरून बोलतो.
विचारतो, माझ्या जागी कोण बसतं?

मे महिन्यात स्ट्रेचर आलं. भगवं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं.
बरं झालं, खरंच बरं झालं.
कॅरमची पाठ फुगून फाटली होती, ती चुलीत गेली.
नव्यासाठी मी अर्ज केला. तातडीने, असं अधोरेखित करून.
कार्यालयाने विचारलं, कारण?
मी लिहिलं, सुरक्षितता.
त्यांना वाटलं रकाना चुकला.

बोरिकचा डबा आता महिनाभर पुरतो.
सात वाजतात.
माणसं खाटांवर पडून पत्र्याकडे बघतात,
दाराशी कुणी खाकरत नाही,
आणि मी पेनाचं टोपण काढून बसतो,
ही शांतता
घटना म्हणून लिहायची की शेरा.