दोन काटे

कार्नीत डिसेंबरात पाचलाच दिवे लागतात.
माझ्या ऑफिसच्या खिडकीखालून मालगाडी जाते,
कोळशाची, सव्वाशे डब्यांची,
ती संपेपर्यंत मी कुणाला काही शिकवत नाही.
एलिसेओ बाराहास तेवढ्यात
रिकाम्या बाटलीत थुंकून घेतो.
"सॉरी, प्रोफेसर. अजून दीड पौंड."

शुक्रवारी त्याला एकशेसत्तावन्नच्या खाली उतरायचंय,
सोमवारी दोन पूर्णांक शून्यच्या वर चढायचंय.
एक काटा म्हणतो, घट.
दुसरा म्हणतो, वाढ.
मधे हा पोरगा,
ओठ सुकलेले, कान मोडलेले.
आमच्या कराडकडे असा कान दिसला
की चहावाला पैसे घेत नसे.
पण तिथे कुठल्या पैलवानाला कुणी
प्रमाण विचलन विचारलं नव्हतं.

नोव्हेंबरातले निम्मे तास त्याचे बसमध्ये गेले.
साउथ डकोटा, मिनेसोटा, परत.
वही बघितली तर
सूत्रं हादऱ्यांनी थरथरलेली.

कोच हॉल्व्हरसन येऊन गेले.
"दबाव नाही हं. सहज विचारायला आलो."
जाताना टेबलावर संघाची टोपी राहिली.
मी ती दुसऱ्या दिवशी पाठवून दिली,
आणि दिवसभर उगाच
आपण फार थोर असल्यासारखी वावरले.

मग पेपर आले.
एकोणसत्तर पूर्णांक दोन.
सत्तरला सी, म्हणजे तो मॅटवर.
खाली डी, म्हणजे वसंतभर बाकावर,
बाकावरही नाही खरं तर, प्रेक्षकांत.

सहाव्या प्रश्नात त्यानं
बरोबर उत्तर लिहून त्यावर काट मारली होती.
खाली चुकीचं,
सुवाच्य, चौकटीत बसवलेलं.
खोडलेलं तपासलं जाणार नाही:
नियमांचा कागद, पान दोन.
ओळ माझीच.

रात्री चहा दोनदा निवला.
लेक्झिंग्टनला त्याची आई मांसाच्या कारखान्यात
दुसऱ्या पाळीला सुरी चालवते,
हे मला कुणी सांगायला नको होतं.
शून्य पूर्णांक आठ.
भाजीवाली वरून कोथिंबीर टाकते,
तितकेच टाकायचे होते.
मी टाकलेही. सत्तर दिसायला छान दिसतात.

मग यादीत खाली नजर गेली.
मार्लिस हेनिंग, एकोणसत्तर पूर्णांक चार.
रात्रपाळी पेट्रोल पंपावर,
कायम शेवटच्या रांगेत, डोक्यावर हूड.
तिच्यासाठी टोपी घेऊन
कुणी आलं नव्हतं.

दोघांना द्यावी?
मग अडुसष्टवाल्यानं काय घोडं मारलंय?
मी पुन्हा एकोणसत्तर पूर्णांक दोन लिहिलं
आणि बटण दाबलं.
बरोबर केलं म्हणून नाही.
पहाटेचे तीन वाजले होते म्हणून.

मार्चमध्ये प्लॅट नदीवर क्रौंच उतरले
तेव्हा तो आला, तोच विषय पुन्हा घेऊन.
हातात डबा. आईचे तामाले.
आता कुणी वजन करत नाही,
गालांवर जरा मांस आलेलं.
जेवताना मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते.

जुना पेपर समोर ठेवून म्हटलं,
"हे बरोबर होतं. का खोडलंस?"
त्यानं बराच वेळ त्या काटेकडे पाहिलं,
अंगाखालून निसटलेल्या गड्याकडे बघावं तसं.
"इतकं पटकन आलं, प्रोफेसर.
वाटलं, बरोबर कसं असेल."

मला काहीतरी बोलायचं होतं.
खालून मालगाडी सुरू झाली.
त्यानं डबा माझ्याकडे सरकवला.
मी एक घेतला,
मक्याचं पान सोलत राहिले.
डबे मोजायचे नाहीत असं ठरवलं होतं,
तरी एकेचाळीसपर्यंत आले.