मुदत ठेव, साखर पेठ शाखा

मार्चचा शेवटचा आठवडा. पंखा गरम हवा वाटतोय
सगळ्यांना, बिनव्याजी.
काउंटर तीनवर बालामणी म्याकल, वय त्रेसष्ट,
पिशवीतून फंडाचे कागद काढते:
दोन लाख तीनशे अकरा.
तीनशे अकरावर बोट ठेवून म्हणते,
हे वरचं राहू दे पुस्तकात. बाकीचं कुठं ठिवू सांगा.

सांगतो. पाठ आहे मला.
एक वर्ष. चारशे चव्वेचाळीस दिवस, ही खास योजना.
साठ महिने, व्याज मुदलात मुरत जाईल,
शेवटी एकदम हातात.
साहेबांनी बजावलंय, साठ महिनेवाल्या आणा.
ती माझ्याकडं बघते, कच्चं पान बघावं तसं.
साठ महिन्यांनी हात कुणाचा असंल, सायब?

मग महिन्याला व्याज घ्या.
ज्येष्ठांचा अर्धा टक्का धरून साडेसात.
मी कॅल्क्युलेटर ओढेपर्यंत तिचे ओठ हलतात, तेलुगूत:
बाराशे पन्नास.
आणि ती तिथं थांबत नाही.
हजाराला दोनशे दहा, म्हणजे
सहा हजार विड्या. दहा रुपये कमी.
म्हंजे महिन्यातले सहा दिवस
तुमची बँक बसणार माझ्या जागी, सूप घेऊन?

रांगेत मागं कुणीतरी हसतं, हसता हसता खोकतं,
मागावरचा जुना खोकला.
मी हसत नाही. सोळा वर्षांत
व्याजदर असा कुणी मोजला नव्हता माझ्यापुढं.

आन् छाट?
छाट म्हणजे?
कारखान्यात मूठभर उचलायचे,
ही बारीक, ही वाकडी, हिचं तोंड उघडं.
पैसे नाहीत. विड्याबी परत नाहीत.
असते, म्हणतो, आमच्याकडंही असते, कर म्हणतात.
पण पंधरा एच भरा, काही कापणार नाही.
ती फॉर्म उलटा करून बघते
मागं काही लपलंय का.

बँक बुडाली तर?
हे अगदी हळू, घरात आजारी माणूस झोपलेलं असताना
त्याच्याबद्दल विचारावं तसं.
मी दाराजवळचा फलक दाखवतो, पाच लाखांपर्यंत विमा.
नणंदेचे गेले एका पतसंस्थेत, म्हणते.
नाव घेत नाही. पाणी पिते.

सही तेलुगूत. गोल अक्षरं,
एकेकाचं तोंड नखानं मुडपल्यासारखं बंद.

वारस कोण लावू? मुलगा?
हाय की. भिवंडीला हाय.
लिवा, राजव्वा कोडम.
नातं?
सुपाला सूप लावून बसलो. एकोणतीस वर्षं.

संगणकात यादी आहे: पती, मुलगा, मुलगी, सून, भाऊ.
खाली सरकवत जातो. सगळ्यात शेवटी
'इतर'.
दाबतो.

पावती निघते, भाकरीएवढी गरम.
वाचा, म्हणते, मला मराठी वाचाय येत नाही.
रक्कम वाचतो. दर वाचतो. मुदत संपण्याची तारीख.
नातं, आणि
जरा घसा साफ करून वाचतो:
सूपशेजारीण.

हां.
पावतीची घडी घालते ती, बोटभर रुंद,
कात्रीनं पान कापावं इतकी नेमकी,
कनवटीला लावते, दारापर्यंत जाते, परत येते.
पाच तारखेला रविवार आला तर?