त्र्याऐंशी अंश पूर्व

राजेशम कुरापाटींच्या पत्र्यावर
दुपारी चप्पल चिकटते, म्हणून दिवेलागणीला चढलो.
पाना, होकायंत्र.
दक्षिणेपासून जरा पूर्वेला, अडुसष्ट अंश वर.
वाऱ्यानं डिश हलली होती, एवढंच.

खाली उलटी गिनती चाललेली.
पोरं मला ओरडून सांगतायत,
आलं... गेलं... आलं, काका, हात लावू नका!
नेमकं शून्याला गेलं.
परत आलं तेव्हा पडद्यावर
नुसता धूर, आणि टाळ्या.

राजेशममामा तीस वर्षं मागापाशी उभे,
कान तिथंच राहिले. मोठ्यानं विचारतात,
"तिकडं एका जागी थांबतो म्हणे? पडत नाही?"
मी वरून ओरडलो, "थांबत नाही हो,
जमिनीबरोबर फिरतो. म्हणून हलेना वाटतो."
त्यांनी उंबऱ्याकडं बोट केलं.
सुपात तंबाखू, कात्रीला लागलेली पानं,
भूलक्ष्मीबाई सकाळपासून तिथंच.
नऊशे झाल्या होत्या. अजून शंभर.
त्यांनी मान वर केली नाही.

आत्ताचं हे सगळं, धूर, टाळ्या,
जुन्यानंच दाखवलं आम्हाला.
त्याचं इंधन सरत आलंय.
नवा जागेवर आला की
जुन्याला थोडं आणखी वर ढकलतील
आणि बंद करतील.
डिशला कळणारही नाही.

हे मामांना सांगितलं नाही.
त्यांचा माग भंगारात गेला त्या दिवशी
टेम्पोला हात मीच लावला होता.
नट आवळला.
दोनशे सांगितले, दीडशे घेतले,
आणि शिडी धरायला
त्यांनाच हाक मारली.
दोनदा.