तीन मिनिटं

चौघं आली होती. बूट दाराबाहेर काढले, बरं वाटलं.
हर्षल धुरीच्या हातात एक खोकं,
भूत जवळ आलं की त्यावरचा लाल दिवा लागतो म्हणे.
माझ्या फ्रिजपाशी लागला.

माझगावचं जुनं एक्सचेंज, तिसरा मजला.
आता तिथे कबुतरांचे संसार
आणि उपटून नेलेल्या बोर्डांच्या भिंतीवर राहिलेल्या चौकटी.
तीन रात्री ही मुलं तिथे बसली होती,
अंधाराला विचारत:
कोण आहे? तुमचं नाव काय? तुम्ही कशानं गेलात?
मला हसू आलं. आम्ही नाव कधीच सांगायचो नाही.
नंबर सांगायचो.

वॉचमन त्यांना म्हणाला, हडळ आहे.
त्याच्या आधीचा म्हणायचा, जखीण.
कोपऱ्यावरच्या चहावाल्याला सगळं ठाऊक:
ट्रंकवाली बाई, वायरचाच फास घेतलान.
ती म्हणजे फिलोमिना डिमेलो.
वसईला असते. दोन्ही गुडघे बदलून घेतलेत,
नाताळात कुलकुल पाठवते, जरा जास्तच गोड.

"मावशी, तुम्ही तिथे एकतीस वर्षं होतात ना?
हा आवाज ओळखता का बघा."

हेडफोन घातला. किती हलके झालेत.
आमचे कानामागे वळ पाडायचे,
तेवढ्या जागी अजून केस येत नाहीत.

आधी खरखर. मग ती पोकळी,
मला स्वयंपाकघराहून जास्त पाठ असलेली:
लाइन उघडी असते, कुणी बोलत नसतं,
पण असतं.
मग एक बाई, नाक चोंदलेली, म्हणाली,
तीन मिनिटं झाली.

मुलांनी श्वास धरला.
मेहजबीनच्या वहीत लाल शाईनं: "इशारा? कशाला तीन मिनिटं?"
एकानं अमावास्येशी हिशेब जुळवून आणला होता.

मला सर्दी झाली होती.
एकोणऐंशीचा जानेवारी, चौदा नंबरची जागा,
मांडीवर रुमालात अमृतांजनची बाटली.
चिपळूणचा कॉल. साधा, पीपी नव्हे.
पोरगा पोस्टातून बोलत होता,
आणि तिकडे कुणालातरी फोनपर्यंत आणण्यातच
अडीच मिनिटं गेली.
पायऱ्या असणार. धरून चढवत असणार.
मग "बाळा" एवढंच आलं, धापेसकट,
आणि मी म्हणाले.
वाढवायचा का, हेही विचारलं. नियम होता.
तो म्हणाला, बाई, पैसे नाहीत हो.
मागून मिस गुडिन्होच्या चपला वाजत येत होत्या,
समोर सतरा दिवे पेटलेले.
मी कॉर्ड ओढली.

बस. कुणी मेलं नाही त्यात.
निदान मला कळलं नाही.
पुढचं आम्हाला कधीच कळायचं नाही.

परत लाव, म्हटलं. चार वेळा लावलं.
दर वेळी माझ्या वाक्याच्या पलीकडे
कान नेऊन ठेवला, त्याच्यासाठी, तिच्यासाठी.
नुसती तारेची घूं.
म्हणजे मी इथे मेथी निवडत बसलेय,
बीपीची गोळी वेळेवर घेतेय,
आणि माझं एक वाक्य तिकडे
पेन्शन न घेता नाइट करतंय.

"ओळखता?"
"नाही," म्हणाले.
खोक्यावरचा दिवा लागला.
"फ्रिज," मी म्हटलं.

शनिवारी परत जाणार आहेत. लिफ्टपाशी थांबवलं त्यांना.
हे बघा, कोण आहे ते विचारू नका,
ड्यूटीवर कुणी सांगत नसतं.
खिडकीकडून चौदावी चौकट मोजा, तिथे बसा.
आणि ती म्हणाली ना, तीन मिनिटं झाली,
की पटकन म्हणायचं, वाढवा.
हर्षल माझ्याकडे बघतच राहिला.
"आणि ती पैसे म्हणाली तर?"

सांग, पाठारे बाईंच्या नावावर टाका.